आत्या, भांडण डॉक्टरवरूनच आहे, पण तुझ्या गुडघ्याच्या नाही

"आजी, तुझा डॉक्टर कोण गं?" असं छोटीने विचारलं आणि आत्याने सरळ सांगून टाकलं, अशोक स्तंभाजवळ बसतात ते, गुडघ्याचे. माझा भाऊ इतका हसला की मिसळीचा रस्सा नाकात गेला आणि पुढची पाच मिनिटं तो नुसता ठसकत बसला, तेवढीच काय ती त्या दिवशी शांतता.

झालं असं की रविवारी आम्ही सगळे गंगापूर रोडने पुढे मळ्यातल्या मिसळीला गेलो होतो (नाशकात आता मिसळ खायला गावाबाहेर जावं लागतं, झोके असतात, बैलगाडी असते, फोटो काढायचे असतात, तो वेगळाच विषय आहे) आणि पाव टेबलावर यायच्या आत मामा-भाचीची जुंपली. मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ, एक्केचाळीसचा, सातपूरला कंपनीत क्वालिटीला आहे, आणि छोटी म्हणजे माझी लेक, एकोणीसची, कॉलेज रोडला शिकते. दोघंही डॉक्टर हू नावाच्या इंग्लिश सिरीयलचे भक्त आणि दोघांचं एकमेकांशी त्यावरून अजिबात पटत नाही. मामा म्हणतो सिरीयलची वाट लावली, छोटी म्हणते तुझ्यासारख्यांनी लावली. आत्या गाडीत मला म्हणाली, अगं एवढं काय आहे त्यात, प्रॉपर्टीचं असल्यासारखं भांडतात, मला नीट सांग. तर आत्याला जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण मला वाटतं प्रत्येक घरात अशी एक आत्या असते आणि असे दोन भांडणारे असतात.

आधी सिरीयल काय आहे ते. बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ ला पहिला भाग लागला, म्हणजे केनेडींना गोळी घातली त्याच्या बरोब्बर दुसऱ्या दिवशी, लोकांचं अर्धं लक्ष बातम्यांकडे, म्हणून पुढच्या शनिवारी पहिला भाग परत दाखवला आणि मग दुसरा. प्रोड्यूसर कोण तर व्हेरिटी लँबर्ट नावाची बाई, तिशीच्या आतली, आणि पहिल्या भागाचा डिरेक्टर वारिस हुसेन, जन्म लखनौचा, वय चोवीस. हे डोक्यात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. गोष्ट अशी की एक माणूस आहे, स्वतःला फक्त डॉक्टर म्हणवतो, नाव सांगत नाही, पोलिसांच्या जुन्या निळ्या टेलिफोन खोक्यासारख्या दिसणाऱ्या यानातून काळात आणि अंतराळात कुठेही जातो, ते खोकं आतून बाहेरच्यापेक्षा मोठं आहे, आणि बरोबर आपल्यासारखी एखाददोन साधी माणसं असतात, जी आपल्या वतीने "हे काय आहे?" असं विचारत राहतात. एवढंच. बाकी कुठलाही भाग रोममध्ये, कुठलाही परग्रहावर, कुठलाही लंडनच्या गल्लीत.

आता खरी मेख. १९६६ मध्ये पहिला डॉक्टर, विल्यम हार्टनेल, आजारी असायला लागला, डायलॉग लक्षात राहीनात. आत्या, तुझ्या सिरीयलमध्ये अशा वेळी काय करतात? खाली पट्टी येते, आजपासून अमक्याची भूमिका तमके करतील, आणि सासूबाई पण असं वागतात जणू मुलगा पहिल्यापासून असाच दिसायचा. किंवा मग ॲक्सिडेंट, प्लास्टिक सर्जरी, पट्ट्या सोडल्या की नवा माणूस. डॉक्टर हूवाल्यांनी काय केलं, तर त्या पट्टीचीच गोष्ट केली. म्हणाले हा माणूसच मुळात पृथ्वीवरचा नाही, मरायला टेकला की त्याचं शरीर नवीन होतं, चेहरा नवा, स्वभाव नवा, आठवणी त्याच. हार्टनेल जमिनीवर पडला आणि उठला तो पॅट्रिक ट्राऊटन. अडचणीतून काढलेली पळवाट होती ती, आणि त्याच पळवाटेवर सिरीयल साठ वर्षं जगली.

पण याचा एक साईड इफेक्ट झाला. बाकी सिरीयलमध्ये हिरो बदलला तर लोक चार दिवस कुरकुरतात आणि सवय होते. इथे हिरो बदलणं हा नियमच आहे, त्यामुळे प्रत्येक पिढीचा डॉक्टर वेगळा. ज्या डॉक्टरपासून तुम्ही बघायला लागलात तो तुमचा, आणि तुमचा डॉक्टर म्हणजेच खरी सिरीयल असं आपोआप वाटायला लागतं. सत्तरच्या दशकातल्या पोरांचा लांब मफलरवाला टॉम बेकर, मामाचा डेव्हिड टेनंट (पुण्यात जॉबला असताना रूम पार्टनरच्या हार्ड डिस्कवर मिळाला, पावसाळाभर दुसरं काही केलं नाही त्याने), छोटीची जोडी व्हिटाकर. म्हणून "तुझा डॉक्टर कोण" हा प्रश्न, आत्या. जात विचारल्यासारखाच आहे तो थोडा.

आता भांडण. मामा "वाट लावली" म्हणतो तेव्हा मी त्याला एकदा विचारलं की वाट लावली म्हणजे नक्की काय, तर अर्धा तास बोलला आणि मला कळलं की हा एक नाही, तीन वेगवेगळ्या तक्रारी एकात कालवून बोलतोय. एक तक्रार नियमांची, की जुन्या गोष्टीत जे सांगितलं ते यांनी मोडलं. दुसरी सुराची, की आता फार उपदेश करतात. तिसरी साध्या कारागिरीची, की लिहिलंय वाईट. नेटवर जे लोक वर्षानुवर्षं भांडतात ना, त्यातले निम्मे याच गोंधळामुळे, एक माणूस नियमाबद्दल बोलतोय आणि दुसरा त्याला सुराबद्दल उत्तर देतोय.

नियमाचं भांडण सगळ्यात मोठं आहे, तेच नीट सांगते. १ मार्च २०२० ला एक भाग आला, द टाइमलेस चिल्ड्रन. तोपर्यंत सगळे असं धरून चालले होते की डॉक्टर हा गॅलिफ्रे नावाच्या ग्रहावरचा, टाइम लॉर्ड नावाच्या जमातीचा, हार्टनेल हा त्याचा पहिला अवतार. या भागात सांगितलं की नाही, डॉक्टर मुळात तिथला नाहीच, ते एक कुठूनतरी सापडलेलं पोर होतं, त्याच्यात शरीर नवीन करायची शक्ती जन्मजात होती, गॅलिफ्रेवाल्यांनी ती त्याच्यातून काढून आपल्यात घातली, आणि हार्टनेलच्या आधी डॉक्टरचे कितीतरी जन्म होऊन गेलेत जे त्याच्या आठवणीतून पुसून टाकले. म्हणजे उद्या कोणी सांगावं की तुम्ही ज्यांना मूळ पुरुष म्हणता त्यांच्या आधी अजून वीस पिढ्या होत्या आणि घराणंही हे नव्हेच. मामा त्या रात्री जेवला नाही. खरंच. वहिनीला विचारा.

यात एक शब्द सारखा येतो, कॅनन. आत्याला तो समजावताना मी अडले, कारण अधिकृत, प्रमाण, असं काहीबाही म्हणत होते, तर आत्याच म्हणाली, म्हणजे क्षेपक नसलेलं होय? बरोब्बर! एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत केली, शके १५०६, म्हणजे १५८४ साली, लोकांनी मधेमधे घुसडलेल्या ओव्या काढल्या आणि शेवटी बजावून ठेवलं की यापुढे कोणी आपली ओवी यात घातली तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल. कॅनन म्हणजे हेच, कुठली ओवी मूळ आणि कुठली करवंटी. आता गंमत काय आहे बघा, डॉक्टर हूला नाथ मिळालेच नाहीत. बीबीसीने आजवर कधीही यादी काढून सांगितलेलं नाही की एवढं प्रमाण आणि बाकीचं धरू नका. टीव्हीचे भाग आहेत, शेकडो कादंबऱ्या आहेत, ऑडिओ नाटकं आहेत, कॉमिक्स आहेत, एकमेकांशी मेळ नाही, आणि कोणी अधिकृत माणूस नाही जो हे करवंटी म्हणून बाजूला काढेल. त्यामुळे प्रत्येक फॅन आपापल्या घरी एकनाथ.

आणि मामा ज्याला मूळ म्हणतो ते किती मूळ आहे तेही बघायला पाहिजे. पहिली जवळपास सहा वर्षं डॉक्टर कुठला, कोण, हे कुणाला माहीतच नव्हतं, टाइम लॉर्ड हा प्रकार १९६९ मध्ये आला, तोही एक लांबलचक गोष्ट संपवता येईना म्हणून शेवटी. शरीर फक्त बारा वेळा नवीन होतं हा नियम, ज्यावरून फॅन लोकांनी हिशोबाच्या वह्या भरल्या, तो आला १९७६ मध्ये, द डेडली असॅसिन नावाच्या गोष्टीत. आणि तेव्हा काय झालं? तिथल्या मोठ्या फॅन सोसायटीच्या अध्यक्षाने कडाडून लेख लिहिला, की टाइम लॉर्ड हे इतके भव्य, गूढ लोक आणि यांनी त्यांना कटकारस्थानं करणारे खोडसाळ म्हातारे करून टाकलं, सिरीयलची जादू गेली कुठे. आज तीच गोष्ट फॅन लोकांच्या अत्यंत आवडत्या यादीत असते आणि त्यात आलेला बाराचा आकडा वेदवाक्य. त्याच १९७६ च्या जानेवारीत अजून एका गोष्टीत डॉक्टरच्या मनाची लढाई चालू असताना स्क्रीनवर हार्टनेलच्या आधीचे म्हणून भलतेच आठ चेहरे येऊन गेले होते, म्हणजे आधीचे जन्म ही आयडिया चव्वेचाळीस वर्षं तिथेच पडून होती, सगळ्यांनी तिच्याकडे कानाडोळा केला होता एवढंच. छोटी हे सगळं तोंडपाठ सांगते. "मामा, तुझ्या मूळ ओव्या पण कोणीतरी नंतरच घुसडल्यात" असं म्हणाली, तेव्हा मामाने लिंबू इतकं पिळलं की बी रश्श्यात पडली.

इथे मी छोटीच्या बाजूने, पण पूर्ण नाही. नियम मोडला याचं मला काही वाटत नाही, मला वाटतं ते लिहिण्याचं. ज्या भागात हा एवढा मोठा बॉम्ब टाकला त्यात डॉक्टरला (तेव्हा छोटीची व्हिटाकर, म्हणजे बाई) एका जागी अडकवून ठेवलंय आणि खलनायक तिला सगळं सांगतोय, दाखवतोय, ती ऐकतेय. पॉवरपॉइंट चालल्यासारखं. तिने स्वतः काही शोधून काढलं असतं, चूक केली असती, कोणाला गमावलं असतं तर तेच सत्य आपल्याला लागलं असतं. बरं, त्यानंतर २०२१ मध्ये तिच्या हातात एक घड्याळ येतं, त्यात तिच्या सगळ्या पुसलेल्या आठवणी, उघडलं की कळणार, आणि ती ते यानात कुठेतरी खोल लपवून टाकायला सांगते. संपलं. अरे मग कशाला आणलं! बॉम्ब टाकायचा आणि फुटू द्यायचा नाही. ही तक्रार तिसऱ्या प्रकारची आहे, कारागिरीची, आणि मामाची पण खरी तीच आहे असं मला मनापासून वाटतं, पण तो बोलताना नियमावर घसरतो, कारण "नियम मोडला" हे सिद्ध करता येतं, "मला काही वाटलंच नाही" हे सिद्ध करता येत नाही ना.

आता सुराची तक्रार. २०१७ च्या जुलैत विम्बल्डनची पुरुषांची फायनल संपल्यावर बीबीसीने जाहीर केलं की पुढचा डॉक्टर जोडी व्हिटाकर, म्हणजे पहिली बाई. त्यावर जो गदारोळ झाला त्यातला बराचसा निव्वळ बाई नको म्हणून होता, त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही, फक्त एवढं सांगते की ज्या सिडनी न्यूमनने ही सिरीयल १९६३ मध्ये सुरू करवली त्यानेच १९८६ मध्ये बीबीसीच्या साहेबांना पत्र लिहून सुचवलं होतं की डॉक्टरला बाई करा. एकतीस वर्षं लागली. पण थोडी बरी तक्रार अशी आहे की सिरीयल आता राजकीय झाली, शिकवण देते. यावर छोटी लगेच यादी काढते: डालेक नावाचे ते खोक्यातले राक्षस १९६३ मध्ये आले ते नाझींच्याच वळणावर, आपल्यासारखा नाही त्याला संपवा, १९७३ मध्ये केमिकल कंपनी आणि प्रदूषणावर अख्खी गोष्ट, १९७७ मध्ये टॅक्सवर, १९८८ मध्ये थॅचरबाईंची सरळ सरळ नक्कल करणारी राज्यकर्ती. आणि पहिल्या दिवशीच्या स्टुडिओत एक तरुण बाई आणि एक लखनौचा पोरगा, हे सांगितलंच मी. तर राजकीय नव्हती कधी?

यादी बरोबर आहे. तरी मामाच्या म्हणण्यात पाणी आहे थोडं, कारण तो विषयाबद्दल बोलत नाहीये, सांगण्याच्या पद्धतीबद्दल बोलतोय. गोष्टीतून कळणं आणि शेवटी पात्राने कॅमेऱ्याकडे बघून सांगणं यात फरक आहे, कीर्तनात पण उत्तररंगात बुवा गोष्ट सांगतात तेव्हाच लोक जागे असतात, पूर्वरंगात बायका वाती वळतात. व्हिटाकरच्या काळात काही भागांत पूर्वरंगच फार झाला हे मला मान्य आहे.

पण त्याच काळातला एक भाग आम्ही सगळ्यांनी मिळून बघितला, आत्यानेही, छोटी वाक्यावाक्याला थांबवून मराठीत सांगत होती. डिमन्स ऑफ द पंजाब, नोव्हेंबर २०१८ चा, विनय पटेल या लेखकाने लिहिलेला. डॉक्टर आणि तिची मंडळी ऑगस्ट १९४७ च्या पंजाबात जातात, फाळणीची रेघ नुकतीच पडलीय, एका हिंदू मुलाचं आणि मुसलमान मुलीचं लग्न आहे, आणि झाडीत दोन भयानक दिसणारे परग्रहवासी फिरतायत. आपल्याला वाटतं हेच मारणार. तर निघतं असं की ते एके काळी मारेकरी होते, आता ते फक्त जे लोक एकटे मरतात, ज्यांच्याजवळ कोणी नसतं, त्यांच्या शेजारी उभे राहतात आणि त्यांची आठवण ठेवतात. मारणाऱ्यांना घेऊन येणारा नवऱ्याचा स्वतःचा भाऊच. आत्या काही बोलली नाही, चहा गार झाला तिचा. नंतर फक्त म्हणाली, देवळाली कॅम्पात आमच्या ओळखीच्या बाई होत्या, त्या कधी सांगायच्या नाहीत. आता या भागावर फॅन लोकांची मोठी तक्रार अशी की डॉक्टर काहीच करत नाही, नुसती बघते. मामाची पण. जुना डॉक्टर असता तर काहीतरी केलं असतं म्हणे. पण काय केलं असतं? त्या मुलाला वाचवलं तर त्याच्या बायकोचं पुढचं आयुष्यच बदलतं, ती पुढे इंग्लंडला गेलीच नसती, आणि तिची नात डॉक्टरबरोबर आलीच नसती. मला तरी वाटलं की अख्ख्या सिरीयलमध्ये डॉक्टर हतबल असणं इतकं बरोबर क्वचितच बसलंय.

जुन्या काळाबद्दल अजून एक गोष्ट, ती भांडणात कोणी काढत नाही. साठच्या दशकातले शेकडाभर भाग आज अस्तित्वातच नाहीत. बीबीसीने टेपा पुसल्या, तेव्हा टेप महाग, जागा कमी, परत दाखवायचा विचार नव्हता. काही नंतर परदेशातल्या टीव्ही स्टेशनांत सापडले, २०१३ मध्ये नायजेरियातून नऊ मिळाल्याचं जाहीर झालं. आपल्याला नाशिककरांना हे काही नवीन नाही, फाळके त्र्यंबकचे, आयुष्याची अखेर नाशकातच, आणि त्यांच्या १९१३ च्या राजा हरिश्चंद्रची पूर्ण प्रत कुठेच नाही, थोडी रीळं उरलीत. फरक असा की डॉक्टर हूच्या त्या हरवलेल्या भागांचे आवाज मात्र सगळे आहेत, कारण फॅन पोरांनी तेव्हा घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून ठेवले होते. म्हणजे ज्या सुवर्णकाळाशी आजच्या भागांची तुलना होते त्यातला मोठा तुकडा लोकांनी बघितलेला नाही, ऐकलेला आहे. आणि ऐकलेली गोष्ट नेहमी भारीच असते, त्यात राक्षसाचा रबरी पाय दिसत नाही.

बरं हे सगळं चालवतं कोण? इथे मला सगळ्यात जास्त मजा येते. आपल्या गल्लीतल्या गणपती मंडळात जो मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त ओरडतो, मागच्या वर्षी डेकोरेशन भंगार होतं म्हणतो, त्यालाच पुढच्या वर्षी अध्यक्ष करतात, घे बाबा तूच कर. डॉक्टर हूचं तसंच आहे. १९८६ मध्ये बीबीसीच्याच एका कार्यक्रमात एका फॅन सोसायटीची पोरं बोलावली होती, समोर त्या वर्षीचे लेखक, आणि एक किशोरवयीन मुलगा उठून त्यांना तोंडावर सांगतो की तुमचं लिखाण ठोकळेबाज होतं. त्या मुलाचं नाव ख्रिस चिबनॉल. २०१८ ते २०२२ सिरीयलचा सर्वेसर्वा तोच होता, टाइमलेस चाइल्ड (ते सापडलेलं पोर) त्याचंच, आणि नेटवर त्याला अगदी तेच शब्द ऐकायला मिळाले जे त्याने बत्तीस वर्षांपूर्वी ऐकवले होते. त्याच्या आधीचे दोघं, रसेल टी डेव्हिस आणि स्टीव्हन मोफॅट, तेही लहानपणापासूनचे फॅन. पीटर कपाल्डी, जो २०१३ ला डॉक्टर झाला, त्याचं शाळकरी वयातलं फॅन म्हणून लिहिलेलं पत्र १९७४ मध्ये रेडिओ टाइम्समध्ये छापून आलं होतं. १९८९ ला सिरीयल बंद पडली (त्याआधी १९८५ ला अठरा महिने थांबवली होती) ती २००५ पर्यंत, मधे १९९६ चा एक टीव्ही सिनेमा सोडला तर सोळा वर्षं काही नाही, आणि त्या सोळा वर्षांत कादंबऱ्या आणि ऑडिओ नाटकं लिहून ती जिवंत ठेवली ती बरीचशी या ओरडणाऱ्या पोरांनीच. त्यामुळे फॅन विरुद्ध मेकर असं जे चित्र रंगवतात ते मला पटत नाही, हे जुने फॅन विरुद्ध थोडे कमी जुने फॅन आहे.

पण याच्यातच मोठी अडचण आहे, आणि सिरीयलची दिशा बिघडते म्हणजे काय ते इथे कळतं. फॅन माणूस मेकर झाला की त्याला जुन्या गोष्टींना हात लावायची खाज येते, हे उलगडू, ते जोडू. ऐंशीच्या दशकात तसंच झालं, जुने संदर्भ इतके घातले की नवीन बघणाऱ्याला पाठीमागच्या वीस वर्षांची नोट्स लागायची. डेव्हिसने २००५ ला परत सुरू करताना शहाणपणा केला. पडद्यामागेच एक महायुद्ध होऊन गेलं म्हणून सांगितलं, गॅलिफ्रे जळून गेला, डॉक्टर एकटा उरला, आणि दुकानात काम करणाऱ्या एका साध्या पोरीच्या नजरेने गोष्ट उघडली. चाळीस वर्षांचं ओझं एका वाक्यात खाली. मामासारखा सातपूरचा माणूस त्यामुळेच आत शिरू शकला, आणि हे मी त्याला दर वेळी ऐकवते, की बाबा, तुझी लाडकी सुरुवातच मुळात जुन्या लोकांचा ग्रह जाळून झालीय. तेव्हाचे जुने फॅन पण ओरडलेच होते, की डॉक्टर काय प्रेमात पडतो, हे काय प्रेमकहाणी चाललीय.

मग तोच डेव्हिस २०२३ ला परत आला, डिस्नेबरोबरचा करार २०२२ लाच जाहीर झाला होता, पैसा आला, सीझनचे नंबर परत एकपासून सुरू केले म्हणजे नव्या लोकांना वाटावं पहिल्यापासून बघतोय, आणि त्याच वेळी गोष्टीत जुने जुने देव, पऱ्यांच्या गोष्टीतले ते कानवाले गोब्लिन, गाण्यातून हल्ला करणारे खलनायक असलं सगळं. शूटी गटवा नवा डॉक्टर, माणूस असा की खोलीत आला तर ट्यूबलाइट लागल्यासारखं होतं. आणि त्याच्या येण्यातही जुना डॉक्टर गेलाच नाही, दोन तुकडे होऊन दोघंही राहिले, टेनंट पण आणि गटवा पण, ज्यावर मामाला आनंद व्हायला हवा होता पण तो म्हणाला ही फसवणूक आहे, मरण नाही तर नवा जन्म कसला. इथे तो बरोबर आहे, दुर्दैवाने.

मामाचं यावर अजून एक पालुपद, की हे सायन्स फिक्शन राहिलं नाही, जादूटोणा झाला. यावर मात्र मला बोलायचंय, कारण मी नारळीकर वाचून वाढलेली बाई आहे, सार्वजनिक वाचनालयातून आणून. २०२१ च्या डिसेंबरात नाशकात साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष नारळीकर, तब्येतीमुळे येऊ शकले नाहीत पण विज्ञानकथा लिहिणाऱ्या माणसाला ती खुर्ची आपल्या गावात मिळाली याचा मला कोण अभिमान. तर नारळीकरांच्या कथेतून विज्ञान काढलं तर कथाच पडते, त्या मापाने डॉक्टर हू कधीच सायन्स फिक्शन नव्हतं. ज्याच्याकडे सगळी कुलपं उघडणारा आवाज करणारा स्क्रू ड्रायव्हर आहे त्याला काय विज्ञान म्हणायचं! न्यूमनला खरं तर मुलांना इतिहास आणि विज्ञान शिकवायचं होतं, त्याने सक्त सांगितलं होतं की बटबटीत डोळ्यांचे राक्षस नकोत, आणि सिरीयल सुरू होऊन महिना व्हायच्या आत लँबर्टबाईंनी डालेक आणले. न्यूमन भडकला. आणि डालेकमुळेच सिरीयल घराघरात पोचली. म्हणजे दिशा बिघडली म्हणून पहिली तक्रार करणारा माणूस कोण, तर ज्याने सिरीयल सुरू केली तो, आणि तारीख डिसेंबर १९६३.

सध्याची स्थिती अशी की मे २०२५ ला गटवाचा डॉक्टर गेला, त्याच्या जागी उठली ती बिली पायपर, जी २००५ मधली तीच दुकानातली पोरगी, आणि ती नवी डॉक्टर आहे का अजून काही हे न सांगता पडदा पडला. ऑक्टोबरात डिस्ने बाजूला झालं आणि बीबीसीने २०२६ च्या ख्रिसमसचा एक भाग जाहीर केला. मामाला वाटतं जुन्या चेहऱ्याचं आमिष दाखवलंय, छोटीला वाटतं घाबरले, दोघंही बहुतेक पहिल्यांदाच एकाच बाजूला आहेत आणि दोघांनाही ते आवडलेलं नाही.

आत्याला एवढं सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, बोलून काय कळतंय, एक लाव. छोटीने विचार करून कपाल्डीचा लावला, भुवया चढवून खेकसणारा म्हातारा. आत्याला तो एकदम पसंत पडला, आपल्या गुडघ्याच्या डॉक्टरांसारखाच आहे म्हणाली, बाकीचे नुसते पळत असतात, हा ऐकतो तरी. मग रोज जेवण झालं की एक भाग, महिना दीड महिना. परवा त्याचा शेवटचा होता, २०१७ च्या ख्रिसमसचा. प्रकाशाचा झोत आला, बोटातली अंगठी गळून पडली आणि समोर उभी व्हिटाकर. छोटी आनंदाने आत्याकडे बघायला लागली की आता हिचं काय म्हणणं.

आत्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ही कोण? हिला काही नाही म्हणत मी, असेल चांगली. पण माझा कुठे गेला?"

छोटी समजवायला लागली की आजी तोच आहे हा, आठवणी त्याच, फक्त...

"मागचा लाव परत," आत्या म्हणाली.